रोज एक तुकडा

मिलच्या मशीनचं शिक्षण घ्यायला जर्मनीला गेलेल्या सिद्धप्पानं १९७४ साली सोलापूरला आईसाठी काळ्या चॉकलेटची एक वडी पाठवली. सोबतचं पत्र शिवबाईनं सासूला, निंगव्वाला, वाचून दाखवलं. ‘अव्वा, हे काळजाला लई चांगलं, असं इथले डॉक्टर म्हणतात. जेवल्यावर रोज एक तुकडा खा.’ बायकोसाठी शेवटी एवढंच होतं, ‘अव्वाकडं लक्ष दे.’

पहिल्याच तुकड्याला निंगव्वानं तोंड वाकडं केलं. पण कडू हाय म्हंजे औषध खरं हाय, असं म्हणत ती रोज सुनेकडून एक तुकडा मागून घेऊ लागली. तीन दिवस काही फरक पडला नाही. चौथ्या दिवशी तुकडा आणखीच कडू लागला आणि वीस वर्षं तटलेलं पोट एकदम मोकळं झालं. निंगव्वा सगळ्या बाळीवेशीत लेकाच्या औषधाचं कवतिक सांगत फिरली.

आठवड्यानं तिनं सुनेला पत्र लिहायला बसवलं.

“लिव, काळजाचं काय ठाव न्हाय, पर पोट रोज सकाळी साफ हुतंय. आजून एक वडी पाठव.”

 

शिवबाईनं ‘सहा पाठवा’ असं लिहिलं, ओठाला लागलेलं चॉकलेट पदरानं पुसलं आणि सासूच्या आजच्या तुकड्यासाठी जुलाबाच्या काळ्या बोळाचा खडा फोडायला घेतला.