पंधरा पिक्सेल

“सर, आईची बोटं गेली!” तनुजा संगणकासमोरून ओरडली.

तिचा तान्हेपणीचा आडवा आलेला फोटो पेठे सरांनी नुकताच फिरवून उभा केला होता. त्यात खालच्या कडेला, तिला उचलून धरणाऱ्या आईच्या बोटांची टोकं होती. आई कधीच गेली. तनुजाजवळ तिची छबी तेवढीच.

“अगं वेडाबाई, फिरवल्यानं फोटोतलं काही जात नाही,” सर म्हणाले.

“बोटं पळाली!” मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला, सरही हसले. तनुजाचे डोळे भरले.

तेव्हा कुठे सरांनी मापं तपासली. प्रत्येक फोटोची मापं वहीत लिहायची शिस्त त्यांचीच. तनुजाच्या वहीत लांबी ४९५ पिक्सेल होती, पडद्यावर ४८०. फोटो फिरवणारा प्रोग्रॅम सोळा-सोळा पिक्सेलचे तुकडे फिरवायचा; त्यात न बसणारी कड छाटली गेली होती. आणि “वेगळी प्रत कशाला?” म्हणत सरांनी मूळ फोटोच पुसला होता.

“तनुजाचं बरोबर आहे. मी चुकलो,” ते सगळ्यांसमोर म्हणाले. मान वर होईना.

तनुजानं पडद्याखालच्या काळ्या पट्टीवर बोट ठेवलं. “इथं होती, सर.”