माइकसमोरची जागा

तुळजाबाईंची उमरेडची विहीण भर पंगतीत म्हणाली होती, "भजनाचं मंडळ चालवता म्हणे, पण तुमचा आवाज काही आमच्या कानी पडला नाही!" तेव्हापासून तुळजाबाईंच्या जिवाला घोर लागला होता. म्हणून सक्करदऱ्याच्या देवळात भजनाची टेप भरायचं ठरलं, तेव्हा पेटी-ढोलकी मांडायच्या आधीच त्या एकुलत्या एका माइकसमोर बसकण मारून मोकळ्या झाल्या. बाकीच्या बायाही मग देवाकडे पाठ करून माइकलाच खेटल्या.

टेप भरायला आलेले रेडिओवाले भैय्याजी हात जोडून म्हणाले, "मावशी, असं नाही जमत. जिचा आवाज दणकट, तिनं मागं बसावं. नाजूक आवाजवालीनं समोर."

क्षणात माइकसमोरची गर्दी पांगली. "मी काहून बसू वं समोर? माहा आवाज काय मेला हाय?" म्हणत इंदूबाई मागच्या भिंतीला जाऊन टेकल्या. आता इंदूबाईंच्याही मागं बसल्याशिवाय तुळजाबाईंचा मान कसा राहणार? त्या पार ओसरीवर, चपलांपाशी जाऊन बसल्या आणि तिथून जीव ओतून गायल्या. समोर उरल्या त्या मीराबाई, ज्यांचं भजन आजवर देवाशिवाय कोणी ऐकलं नव्हतं.

तुळजाबाई स्वतः टेप घेऊन उमरेडला गेल्या. विहिणीनं ती डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली आणि मायेनं विचारलं,



"या बाई कोण हो? लई गोड गातात. अन् तुम्ही काय त्या दिवशी गावाले गेल्या होत्या?"