कंपनीचे डोळे

कृत्रिम डोळे बनवणाऱ्या कंपनीचे पाच वर्षांचे ताळेबंद हेमांगीने पुन्हा तपासले. विक्री दरवर्षी वाढत होती. पण विकलेला प्रत्येक डोळा कंपनीच्याच संगणकांवर चालायचा, त्यामुळे तोटा त्याहून वेगाने फुगत होता. शिक्षकांच्या पेन्शन फंडाला या कंपनीत पैसे गुंतवायचे होते आणि सल्ला हेमांगीने द्यायचा होता. घरी तिचे बाबा त्याच कंपनीच्या डोळ्यांनी वाटाण्यातल्या अळ्या शोधत बसलेले असत.

‘गुंतवणूक करू नये,’ असं तिने लिहिलं. फंडाने हात आखडता घेतला, तसे बाकीचेही मागे सरले. दिवाळीआधीच कंपनीला टाळं लागलं.

एका सकाळी चहा पिता पिता बाबा थांबले.

“अंधारून आलं का गं?”

“नाही, बाबा.” मग रडत रडत हेमांगीने सगळं सांगून टाकलं.

बाबांनी चाचपडत कप खाली ठेवला. “तू लिहिलंस त्यात खोटं काही होतं?”

“नाही.”

“मग रडू नकोस.”

ते हसले, पण त्यांची नजर तिच्याऐवजी शेजारच्या भिंतीवर होती. हेमांगी खुर्ची न वाजवता उठली आणि त्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिली.