भांडण मिटवायला शुक्रवारीच

रॉटरडॅमच्या गिऱ्हाईक कंपनीतल्या वाउटरचा तिसरा खरमरीत मेल वाचून सिग्नेचा साहेब तोरग्नी याच्या हातातला दालचिनीचा बन हातातच राहिला. त्याच्या गोथेनबर्गच्या ऑफिसात कॉफीच्या वेळी कुणी आवाजसुद्धा चढवत नसे, आणि इथे सरळ भांडण जुंपलं होतं.

"सिग्ने, तुझं नि या माणसाचं काय वाकडं आहे?"

"हेकट आहे मेला. सोमवारी तिकडे रॉटरडॅमला मीटिंग आहेच, तोंडावर सुनावून येते."

"अजिबात नको. तू शुक्रवारीच जा. दोन दिवस त्याच्याबरोबर जेव, फीर, होडीत बस. खर्च कंपनीचा. पण दिलजमाई झाल्याशिवाय परत येऊ नकोस."

"शनिवार-रविवारसुद्धा त्याच्याचबरोबर?" काढा प्यायल्यासारखं तोंड करून सिग्ने उठली, पाय ओढत बाहेर पडली, आणि जिन्यात पोचल्यावर तिने फोन लावला.

"वाउट्या, जमलं. शुक्रवारी येतेय, आपली सगळी टोळी गोळा कर. आणि हो, ऑगस्टात झिंग्यांच्या मेजवानीला तुला इकडे यायचंय ना? मग पुढचा खरमरीत मेल मी लिहिते."