काळ्या घोड्याचा केस

तातेरावानं कुंभार पिंपळगावच्या बाजारातून मीठ, मिरची आणि काळ्या घोड्याच्या शेपटीचा एक केस आणला. केस मागितला तेव्हा टांगेवाल्यानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "चामखिळीला पाह्यजे," असं सांगितल्यावर मात्र त्यानं स्वतःच उपटून दिला. घोड्यानं झाडलेली लाथ थोडक्यात हुकली. बिडीच्या कागदात केस गुंडाळून तातेराव चालत घरी निघाला. वाटेत त्याला बरं वाटत होतं. पोर गेल्यापासून बायकोसाठी करता येईल असं एखादं काम त्याला आज पहिल्यांदा सापडलं होतं.

चांगुणाच्या गळ्यावर डाव्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढी चामखीळ होती. मऊ, बारीक देठावर लोंबणारी. तीर्थपुरीच्या डॉक्टरनं ती बोटानं हलवून पाहिली होती. "काही नाही, कातडी वाढलीय नुसती. दुखत नसेल तर राहू द्या," म्हणाला होता. दुखत नव्हतीच, पण पोतीचे मणी तिच्यात अडकायचे आणि रक्त यायचं. मागं एकदा चांगुणानंच हट्ट धरून केस आणवला, बांधून घेतला, आणि त्याच रात्री बेबीनंदानं रडून घर डोक्यावर घेतलं. आईची चामखीळ दोन बोटांत धरल्याशिवाय ती पोर झोपत नसे, आणि आता गाठीचं टोक तिच्या बोटांना टोचत होतं. शेवटी चांगुणानं केस तोडून फेकला. "ही मोठी झाल्यावर बघू," म्हणाली.

बेबीनंदा मोठी काही झाली नाही. श्रावणात गोवरानं गेली.

"इकडं उजेडात बस. मान वर कर," तातेराव म्हणाला. चांगुणा उंबऱ्यात येऊन बसली, तिनं मान वर केली. हल्ली सांगितलं ते ती करायची. जेव म्हटलं की जेवायची, नीज म्हटलं की आडवी व्हायची.

त्याची आई सगुणाबाई बाजेवरून शिकवत होती. "पार मुळाशी बांध. रोज जराजरा आवळ. चार-आठ रोजात गळून पडंल."

"म्हाईत हाय, माय."

"आता काय, रातीला वढणारं बी कोणी न्हाई," म्हातारी बोलून गेली, आणि लगेच तिनं पदर तोंडात कोंबला.

बाजारात केस मागताना नेमकं हेच तातेरावाच्या मनात आलं होतं, आणि तेव्हापासून त्याला स्वतःची लाज वाटत होती. औत धरणाऱ्या जाड बोटांना केस सापडेना, दोनदा निसटला. मग फास बसला. त्यानं गाठ आवळली. चामखीळ लाल झाली, मग काळपट.

"दुखून राह्यलं का?"

"न्हाई."

"मंग झालं. आता पोत बराबर बसंल."

चांगुणानं गळ्याशी हात नेला. गाठीचं टोक तिच्या बोटाला टोचलं. ते चाचपत ती बराच वेळ बसली.

"आवो, सोडा हे."

"अगं, आत्ताच तं बांधलं. तूच म्हन्ली व्हतीस ना—"

"तिची झबली तुमी तिच्यासंगंच पुरली," चांगुणा म्हणाली. पोर गेल्यापासून एवढं लांब वाक्य ती बोलली नव्हती. "तिच्या हातातलं म्हणावं असं एवढंच राह्यलंय माह्याकडं. ते बी गळून पडू द्यायचं का?"

तातेराव गाठ सोडवायला लागला. गाठ सुटेना. नखानं होईना, आणि ब्लेड लावायचा त्याला धीर होईना. शेवटी त्यानं तोंड तिच्या गळ्याशी नेलं आणि केस दातांत धरला. भर दुपारी, आईच्या समोर. सगुणाबाईनं भिंतीकडं तोंड केलं.

केस तुटला. चामखीळ हळूहळू मूळ रंगावर आली. खरंच काही झालं नाही ना, हे पाहायला तातेरावानं ती दोन बोटांत धरली. इतक्या वर्षांत त्यानं कधी हात लावला नव्हता. ती इतकी मऊ असेल असं त्याला वाटलं नव्हतं. पोरीवर माती लोटताना ज्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, तो आता हुंदके देऊन रडायला लागला. बोटं मात्र त्यानं सोडली नाहीत.

चांगुणानं मान जरासुद्धा हलू दिली नाही. पोर झोपेपर्यंत असंच बसून राहायची तिला सवय होती.