अनिकाचा पण एखादा

"अनिकाच्या गोळ्या आन्याच्या बॅगेत ठेवायला सांग," शैलाकाकू एअरपोर्टवर प्रीताला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या. "सर्दीच्या आहेत. आणि तिला खोलीत एकटी ठेवू नका म्हणावं. थंडी सोसत नाही तिला."

प्रीता हसली होती. "काकू, मिनेसोटात वाढलेली मुलगी ती. तिला आयर्लंडची कसली थंडी?"

काकूही मग हसल्या आणि लेकीच्या बॅगेचा पट्टा उगाच घट्ट करत राहिल्या. प्रीताने नणंदेला, आन्याला, यातलं काहीच सांगितलं नाही. आन्या कॉलेज संपवून पहिल्यांदाच मैत्रिणीबरोबर पाठीवर बॅग टाकून निघाली होती. तिच्या गळ्यात दुसरीची औषधं कशाला अडकवायची?

आता मिनेसोटात, ईडन प्रेरीच्या घरी, स्वयंपाकघरात प्रीता छोट्या लेकाला, आर्यला, वरणभात भरवत होती. फॅमिली ग्रुपवर आन्याचा फोटो आला; ट्रिपपुरतं शैलाकाकूंनाही त्यात घेतलं होतं. 'गॉलवे! पाऊस अगेन.' खाली सासूबाई: 'छत्री घे गं.' देवांगने वरच्या खोलीत चाललेल्या मीटिंगमधूनच अंगठा पाठवला. बहिणीच्या ट्रिपचे फोटो तो असेच बघायचा. मग शैलाकाकू: 'छान. अनिकाचा पण एखादा टाक ना.'

काकू हे प्रत्येक फोटोखाली लिहायच्या. डब्लिनच्या पुलाच्या फोटोखाली, कॉर्कच्या मार्केटच्या फोटोखाली. 'ती कॅमेऱ्यामागे असते, काकू,' हे आन्याचं उत्तर ठरलेलं, आणि त्यावर सगळ्यांचे हसरे चेहरे. आईला आपली मुलगी दिसावीशी वाटते, त्यात काय विशेष.

प्रीताने फोटो मोठा केला. आन्याचं नाक फुगलेलं, कपाळ फोटोच्या बाहेर गेलेलं, आणि कोपऱ्यातून तिचाच लांब केलेला हात. प्रीता मागचे फोटो बघत गेली. कॉर्कमध्ये आन्या डोक्यापासून बुटांपर्यंत, मागे मासळीच्या दुकानांची सरळ रांग. लिमरिकपासून मात्र तो हात. किल्ल्यापुढे हात, नदीपाशी हात.

तिने वाटी बाजूला सारली आणि फोन लावला.

"वहिनी! ऐक ना, इथे रस्त्यावर एक आजोबा काय फिडल वाजवतायत..."

"अनिका कुठेय?"

"हॉस्टेलवर, रूममध्ये. शी इज टायर्ड. लिमरिकपासूनच दमलीये, कालपासून तर झोपूनच आहे. मला म्हणाली, यू गो, हॅव फन."

"मग फोटो कोण काढतंय?"

"मीच, सेल्फी. वहिनी, तू फोटोग्राफीची परीक्षक कधी झालीस?" आन्या हसत होती. "तिचा कॅमेरा आहे माझ्याकडे, पण मला जमत नाही तो. देऊनच टाकला तिने. म्हणाली, ठेव, तुझाच."

एअरपोर्टवर दोघींचा एक फोटो काढते म्हटलं, तेव्हा अनिकाने तो कॅमेरा प्रीताच्या हातातही दिला नव्हता.

"आन्या, तिच्या गोळ्या कुणाकडे आहेत?"

"कसल्या गोळ्या?"

"सर्दीच्या."

"तिला कुठेय सर्दी?"

सर्दीच्या गोळ्या मुलीच्या हाताशी नकोत, दुसरीच्या बॅगेत ठेवा, असं कुठली आई सांगते? थंडी सोसत नाही म्हणून खोलीत एकटी ठेवू नका, असं कोण म्हणतं? काकू काय सांगत होत्या, ते प्रीताला आत्ता ऐकू आलं.

"पळ," ती म्हणाली. "हॉस्टेलवर जा. डेस्कवर जो असेल त्याला बरोबर घे, चावी घ्यायला सांग. फोन ठेवू नकोस."

"वहिनी, यू आर स्केअरिंग मी."

"पळ गं."

फिडल मागे पडलं. मग डबक्यांतून पळणारे बूट, आन्याचा श्वास, एक काचेचं दार. कुणाशी तरी घाईघाईचं इंग्रजी. जिना. मग दारावर थापा.

"अनिका? इट्स मी. ओपन अप, यार." पुन्हा थापा. "आतून लॅच लावलंय, वहिनी. चावी चालत नाहीये. तो माणूस खालून काहीतरी आणायला गेलाय."

"तू वाजवत राहा. बोलत राहा तिच्याशी."

स्पीकरवरचा तो आवाज आर्यला आवडला. त्याने चमचा उचलला आणि खुर्चीच्या ट्रेवर तसाच ठोकू लागला. एकदा तिकडे, एकदा इकडे. मग खुदकन हसला आणि आईकडे बघितलं. प्रीताने त्याची मूठ चमच्यासकट घट्ट धरली. दारापलीकडून काही येतंय का, ते तिला ऐकायचं होतं.

आर्य रडायच्या बेतात आला. तिने मूठ सोडली नाही.

फोनच्या पडद्यावर वरून एक ओळ खाली सरकली. शैलाकाकू. 'फार पाऊस आहे का गं तिकडे? अनिकाचा पण टाक ना एखादा. पाठमोरा असला तरी चालेल.'

तुमच्याही ग्रुपवर आज फोटो आले असतील. हे वाचणं इथेच सोडा आणि ते उघडा. फोटो कुणी काढलाय ते आठवा, आणि तिला फोन लावा.