खंडेनवमीचं कुंकू

नौबादला मुक्कामी आलेल्या व्याह्यांच्या मारुतीचा टायमिंग बेल्ट तुटायच्या बेतात होता, आणि खंडेनवमीमुळे गॅरेजातली सगळी हत्यारं पूजेला मांडलेली. "त्यात काय, मी बदलतो की अंगणात," असं निवृत्त मास्तर अच्युतराव बोलून गेले. पट्टा निघाल्यावर इंजिनाची दोन दातेरी चाकं जागची हलली, तर किल्ली फिरवताच व्याह्यांच्या इंजिनाचा चुराडा होणार होता. म्हणून त्यांनी पूजेच्या ताटातलं कुंकू घेऊन दोन्ही चाकांच्या एकेका दाताला खुणेचा ठिपका लावला आणि मगच पट्टा सोडवला.

इतक्यात घरातून बायकोची, मालतीबाईंची हाक आली, "आधी अंघोळ करा बघू, पूजा खोळंबली!"

"पोरांना गाडीजवळ फिरकू देऊ नको," असं पुन्हा पुन्हा बजावत ते न्हाणीत शिरले. दोन तांबे कसेबसे अंगावर ओतून ते ओलेत्यानेच धावत आले. उघड्या बॉनेटपाशी मालतीबाई ताट घेऊन प्रसन्न उभ्या होत्या.


"दोनच दातांना कुंकू लावून गेलाव व्हय? मी सगळ्यांना लावलं, हात पुरेना तिथं चाकं फिरवून!"